ब गाव बरं झालं

लातूरला भाच्याच्या लग्नात पंगतीला बसले होते. शेजारचे गृहस्थ बोलके होते. मी काय करते, असं त्यांनी विचारलं.

"आता काही नाही, रिटायर झाले. नर्सिंग कॉलेजात शिकवत होते. शेवटची काही वर्षं पीएचडी करणाऱ्यांची गाइड होते."

त्यांचा जिलेबीचा हात थांबला. "नर्सिंगमध्ये पीएचडी? म्हणजे सलाईन लावण्यात?"

"त्यातही करता येते," मी म्हटलं आणि सुरूच झाले. सुई मनगटापाशी लावली तर किती जणांचे हात सुजतात, वर लावली तर किती जणांचे, हे आपल्या वॉर्डात कोणी मोजलंय का? मोजलं नसेल तर आपण वर्षानुवर्षं नुसत्या सवयीनं टोचतोय. ते मोजणं म्हणजे संशोधन. गृहस्थ मान डोलावत राहिले. तेवढ्यात वाढपी मठ्ठा घेऊन दोनदा पुढे निघून गेला. उठताना ते एवढंच म्हणाले, "ताई, तुमच्यापाशी बसलं की माणूस शिकतं खरं, पण उपाशी ऱ्हातं."

हा प्रश्न मला बँकेत विचारलाय, एसटीत विचारलाय, सख्ख्या दिरानं विचारलाय. म्हणून आधीच सांगून टाकते. डॉक्टर राउंडला येतात, तपासतात, औषध लिहितात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. त्यांचं कामच तसं आहे. पण पेशंट गोळी गिळतो की उशीखाली ठेवतो, नातेवाईक गेल्यावर भिंतीकडे तोंड करून का झोपतो, घरी गेल्यावर त्याची जखम कोण धुतं, हे दिसतं नर्सला. बघून बघून तिच्या मनात प्रश्न साठतात. पीएचडी म्हणजे त्यातला एकच प्रश्न उचलायचा, त्याचं उत्तर मोजता येईल किंवा नीट ऐकता येईल असा तो विचारायचा, आणि जे उत्तर येईल ते, आवडो न आवडो, लिहायचं. शिकवायला सगळ्यात अवघड हे शेवटचं.

सुरुवातीला प्रत्येकीचा विषय भला मोठा असायचा. "मराठवाड्यातील स्त्रियांचे आरोग्य." मी विचारायची, "सगळ्या बायांचं? मग घरी कधी जाणार तू?" मग मराठवाड्याचा जिल्हा व्हायचा, जिल्ह्याचा तालुका, तालुक्यातली दोन गावं, आणि बाईचं सगळं आरोग्य कापत कापत तिच्या एका दुखण्यावर यायचं. माझ्यासमोरच्या मुलीचा चेहरा तेव्हा असा व्हायचा, जसं काही मी तिची वडिलार्जित जमीनच वाटून टाकली.

भाषेचीही गंमत. आमच्या नांदेडचीच एक हुशार मुलगी शुद्ध मराठीतली छापील प्रश्नावली घेऊन लोह्याच्या बाजूला गेली होती. मी सोबत होते. बाजेवर एक म्हातारे बाबा बसले होते. हिनं विचारलं, "बाबा, गेल्या आठवड्यात तुम्हाला नैराश्य आलं होतं का?"

"कोण?"

"नैराश्य. आलं होतं का?"

"न्हाई बाई," बाबा म्हणाले. "आमच्याकडं कोणीच येत न्हाई."

तिनं 'नाही'वर खूण करायला पेन टेकवलं, तेव्हा मी तिचा हात धरला. बाबांनी उत्तर बरोबर दिलं होतं, ते आम्हाला कळलं नव्हतं एवढंच. परत येऊन आम्ही अख्खी प्रश्नावली नव्यानं लिहिली. "कशातच जीव लागत न्हाई असं होतं का?" असं पुढच्या खेपेला विचारल्यावर बाबा खूप वेळ बोलले.

पण मला आज सांगायचंय ते महानंदाचं.

महानंदा बिरादार अहमदपूरची. तिच्या सासरच्यांचं मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, बी-बियाण्यांचं दुकान. ती रोज एसटीनं लातूरला जाऊन नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना शिकवायची. त्याआधी काही वर्षं ती जळकोटकडे सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होती. तिथे पन्नाशी उलटलेली जवळजवळ प्रत्येक बाई गुडघे धरून यायची. जन्मभर उकिडवं बसून खुरपणी केलेली, दुसरं काय होणार? गोळ्या घ्यायची, जायची, गोळ्या संपल्या की परत यायची.

"मॅडम," महानंदा पहिल्याच भेटीत म्हणाली, "गोळीशिवाय काय होतंय, ते मला बघायचंय." मी खूश झाले. हिचा प्रश्न घरूनच कापून आला होता.

गावांची नावं मी सांगणार नाही. संशोधनात भाग घेणाऱ्यांची ओळख झाकायची असते आणि तिथल्या बायांना आम्ही तसा शब्द दिलाय. माणसांची नावंही बदलली आहेत. प्रबंधात गावं 'अ' आणि 'ब' होती, तीच इथे ठेवते. दोन्ही जळकोट तालुक्यातली, मध्ये ओढा आणि बऱ्यापैकी अंतर. अ गावातल्या बायांना महानंदा एक साधा व्यायाम शिकवणार होती. ओट्यावर बसायचं, एक पाय सरळ पुढे उचलायचा, पंजा आपल्याकडे ओढायचा, दहा मोजायचे, पाय खाली. ब गावातल्या बायांना तूर्त नेहमीचेच उपचार चालू राहणार होते; तुलनेसाठीचा हा गट, म्हणजे कंट्रोल ग्रुप. काही महिन्यांनी दोन्हीकडे गुडघे किती दुखतात आणि बाई खुर्चीवरून उठून चालून परत किती वेळात बसते, हे मोजायचं. अ गाव सुधारलं आणि ब होतं तसंच राहिलं, तर गुण व्यायामाचा. नंतर ब गावालाही शिकवायचंच होतं. पण अभ्यास संपेपर्यंत ब गावाला व्यायामाची हवा लागता कामा नये. सगळी मदार त्यावर.

महानंदानं अ गावातल्या बायांना हात जोडून सांगितलं, "मावशी, माझं काम होईस्तोवर हे ब गावात कोणाला सांगू नका."

"न्हाई बाई, आम्ही कशाला सांगतोव?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या. मी त्या दिवशी तिथे होते. मला अगदी समाधान वाटलं.

काही महिन्यांनी मी नांदेडात विष्णुपुरीला आमच्या घराजवळ भाजीच्या गाडीवर वांगी निवडत होते, तेव्हा महानंदाचा फोन आला.

"मॅडम, ब गाव बरं झालं!" आणि ती हमसाहमशी रडायला लागली.

फोनचा आवाज मोठा होता. भाजीवालीनं काळजीनं विचारलं, "कोण बरं झालं, मॅडम?"

"एक गाव."

"मग तिकडून रडून कोण राहिलंय?"

तिला काय सांगणार? अ गावातल्या बाया सुधारल्या होत्या, छानच. पण ब गावातल्याही सुधारल्या होत्या, जवळजवळ तितक्याच. दोन्ही पारडी सारखी म्हटल्यावर व्यायामानं फरक पडला असं सिद्ध कशानं करायचं? महानंदाची तीन वर्षं गेली होती. एसटीतला रोजचा प्रवास, पोरांच्या परीक्षा, सासूबाईंचं पथ्यपाणी, सगळं सांभाळून केलेलं काम. "माझं वाटोळं झालं, मॅडम," ती म्हणत राहिली. मी म्हटलं, "आधी जाऊन बघू. रडायचं ते बघून रडू."

सोमवारी गेलो. महानंदाचा नवरा शिवराज दुकानाच्या पिकअपमधून आम्हाला घेऊन गेला. ब गावात महादेवाच्या देवळासमोर मोठा पार आहे. दर्शन करून आलेल्या म्हाताऱ्या बाया पारावर ओळीनं बसल्या होत्या, कपाळाला ताजी विभूती, पाय खाली सोडलेले. मधली एक उंच, सडपातळ बाई "हां, चला" म्हणाली आणि सगळ्या ओळीचे उजवे पाय एकदम वर आले.

"ओंदु," ती म्हणाली.

"ओंदु," सगळ्या म्हणाल्या.

"येरडु. मूरु. नाल्कु..."

कानडी! गाव मराठी बोलणारं, आणि सगळ्या बाया कानडीत मोजत होत्या. महानंदा पिकअपच्या फाळक्यावर मटकन बसली. "बघा, मॅडम," ती म्हणाली. "माझा कंट्रोल ग्रुप."

त्या उंच बाईंचं नाव गोदूमावशी. माहेर उदगीरच्या पलीकडे, सीमेवरचं, म्हणून आकडे कानडी. आम्हाला बघून पाय पटापट खाली गेले. मास्तर वर्गात आल्यावर पोरांचं होतं, तसं सगळ्यांचं झालं.

"मावशी, हे कोणी शिकवलं तुम्हाला?" मी विचारलं.

गोदूमावशी महानंदाकडे बघायला लागल्या. "सिस्टर, तू रागावणार न्हाईस ना?"

"न्हाई मावशी. सांगा."

"माझी लेक अ गावात दिलीय. नातवाच्या जावळाला गेले व्हते. तिकडं टेकडीवर देवी हाय, लई पायऱ्या हायेत. इहीण माझ्याहून थोराडी. दर साली माझ्या खांद्याला धरून चढायची. औंदा बया माझ्या म्होरं गेली की! अन् वर जाऊन, कमरेवर हात ठिवून, खाली बघून म्हणती, 'सावकाश या, इहीणबाई.'" मावशी थांबल्या. "सिस्टर, तूच सांग. हे ऐकून घ्यावं का म्या?"

महानंदाच्या डोळ्यांत पाणी होतं तरी तिला हसू फुटलं. "न्हाई."

"मग म्या मुक्काम वाढिवला. इहीण काही सांगंना. सिस्टरला शब्द दिलाय म्हणली. म्या दोन दिवस बोलले न्हाई तिच्याशी. तिसऱ्या दिवशी ती ओट्यावर बसली अन् पाय वर करून दाखवला. म्हणली, 'सांगायचं न्हाई असं सिस्टर म्हणलीय. बघायचं न्हाई असं कुठं म्हणलीय?'"

"आणि तुम्ही सगळ्या गावाला शिकवलं?"

"म्या न्हाई! म्या फकस्त शेजारणीला." शेजारणीनं फक्त बहिणीला शिकवलं होतं. बहिणीनं फक्त कासारणीला. त्या पारावर गावाला सांगणारं कोणीच नव्हतं, आणि सगळं गाव पाय वर करत होतं.

"आता कसं आहे दुखणं?" मी विचारलं.

"बारा आणे गेलं बगा. चार आणे हाय, ते असू द्या. वयाचं हाय."

आणि त्या उठून, कोणाचा हात न धरता, देवळाच्या पायऱ्या चढून आमच्यासाठी प्रसादाचं खोबरं घेऊन आल्या. गाइड म्हणून मला तीन वर्षांचं काम बुडालेलं दिसत होतं. नर्स म्हणून मात्र मला त्या पारावर बसून पाय वर करावासा वाटत होता.

परतताना जळकोटच्या स्टँडजवळ चहाला थांबलो. शिवराज भला माणूस. बायको अभ्यासाला बसली की दुकानातून येऊन स्वतः कुकर लावणारा. चहा फुंकत तो म्हणाला, "मॅडम, एक विचारू का? ब गावचे आकडे जरा मागं सरकवले तर कोणाला कळतंय? त्या बाया काय विद्यापीठात येऊन सांगणार हायेत?"

मी काही बोलायच्या आत महानंदा बोलली. "अहो, आत्ता तुम्ही बघितलं न्हाई का? ती मावशी पायऱ्या चढून राहिली. चढणाऱ्या बाईला मी कागदावर लंगडी कशी करू?"

शिवराजनं चहा संपवून कप ठेवला. "न्हाई करायची," म्हणाला. "मग काय करायचं ते सांगा. गाडी माझी हाय."

मी वर्गात जे शिकवायला धडपडत होते, ते तिला कोणी शिकवायची गरजच नव्हती. तो चहा मला फार गोड लागला.

पण डिग्रीचा प्रश्न तसाच होता. मी सुचवलं की आपण तिसरं गाव घेऊ, क गाव. अ गावाशी ज्याचं काहीही नातं नाही, असं. सोपं वाटलं होतं. पुढचे काही रविवार आम्ही पिकअपमधून मुखेड, कंधारच्या बाजूला हिंडलो. कुठल्याही गावात शिरलो की विचारायचो, "तुमच्याकडं जळकोटच्या बाजूची सून हाय का? तिकडं कोणाची लेक दिलीय का?"

असं विचारणाऱ्या दोन बायका आणि एक पुरुष म्हणजे कोण, हे गावाला लगेच कळायचं. आम्हाला चटईवर बसवून पोहे यायचे. एका घरी तर मुलालाच पुढे आणून बसवलं, भांग पाडून. "पोरगं कृषी पदवीधर हाय, विहिरीला पाणी हाय. तुमची मुलगी काय शिकलीय?" महानंदा गडबडून म्हणाली, "मुलगी न्हाई हो, गुडघा हाय." त्या माउलींनी चेहरा न बदलता विचारलं, "थोडा अधू हाय का?"

आणि नातं नसलेलं गाव? मिळेचना. मावसबहीण असायची, आत्या असायची, कोणाची चुलत विहीण असायची. शेवटच्या गावी आम्ही अगदी खुशीत होतो, तिथे कोणाचंही जळकोटकडे नातं निघालं नव्हतं. निघताना एका ओट्यावर तीन बाया दिसल्या. पाय समोर उचललेले. "ओंदु, येरडु, मूरु..."

शिवराजनं गाडीच थांबवली. आम्ही तिघंही हसत सुटलो, इतकं की त्या बाया पाय खाली ठेवायचं विसरल्या.

हसू ओसरल्यावर महानंदा शांतपणे म्हणाली, "मॅडम, नातं नसलेलं गाव शोधण्यापेक्षा हे नात्यानं कसं गेलं, तेच शोधू का? कानडीत मोजलं म्हणजे गोदूमावशीकडून आलंय. मराठीत मोजलं म्हणजे दुसरीकडून. खूण आपल्याला आयतीच मिळालीय."

गाइडच्या आयुष्यात असा क्षण फार वेळा येत नाही. विद्यार्थिनी आपल्या पुढे निघून गेलेली आपल्याला डोळ्यांनी दिसते.

आता विद्यापीठाच्या समितीची परवानगी हवी होती. पीएचडीचा आराखडा मध्येच बदलायचा तर समितीसमोर उभं राहून कारण द्यावं लागतं. समितीत एक ज्येष्ठ सर होते, कडक. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे प्रयोग फसला."

"हो सर," महानंदा म्हणाली. "फसला."

असं उत्तर त्यांना अपेक्षित नसावं. ते चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिले.

"प्रयोग फसला आणि बाया बऱ्या झाल्या," ती म्हणाली. "फसला, ते मी जसंच्या तसं लिहिणार आहे. त्या बऱ्या कशा झाल्या, तेही लिहायची परवानगी द्या."

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाकावर महानंदा पदराच्या टोकाची घडी घालत होती, मोडत होती. मला अशाच दुसऱ्या एका मुलीची आठवण आली. तिनं बाळंतिणींवर सुंदर काम केलं होतं, पण घरात आजारपण आलं, मुदत संपली आणि ती परत आलीच नाही. तिची अर्धी प्रकरणं अजून माझ्या कपाटात आहेत. त्या वेळी तिला थोडी मुदत मिळाली असती तर, असं आजही वाटतं. त्या बाकावर मी मनातल्या मनात महादेवापासून सगळ्यांना हात जोडले.

दार उघडलं. कडक सरच बाहेर आले. "परवानगी दिली आहे. मुदतही वाढवली आहे. पण बिरादार, या नकाशात एकही बाण अंदाजानं काढायचा नाही."

"न्हाई सर," महानंदा म्हणाली. घाईत ती 'नाही' म्हणायचं विसरली.

पुढची दीड-दोन वर्षं ती गावोगाव बायांच्या ओट्यावर बसली. तुम्ही कोणाकडून शिकलात? कुठे? कोणाला शिकवलंत? दुकानाच्या मागच्या खोलीत, बियाण्यांच्या पोत्यांवरच्या भिंतीवर, मोठा कागद चिकटवला होता. त्यावर एकेका बाईचं वर्तुळ आणि वर्तुळातून वर्तुळाकडे बाण. शिवराज दुकानात आलेल्या शेतकऱ्यांना सोयाबीनच्या बियाण्याबरोबर तो नकाशाही समजावून सांगायचा. एकदा मी गेले तेव्हा तो एका गिऱ्हाइकाला म्हणत होता, "हे बगा काका, सासूकडून सुनेकडं लई हळू जातंय. सुनेकडून माहेरी लवकर. अन् इहिणीकडून इहिणीकडं तर विचारूच नका."

निष्कर्ष खरंच तसाच होता. अ गावात आम्ही वाटलेली व्यायामाची रंगीत माहितीपत्रकं गावाबाहेर कुठेच पोचली नव्हती. व्यायाम पोचला होता बांगड्या भरताना, जावळाच्या जेवणात, शेताच्या बांधावर. आणि कानडी आकडे तर आमच्या कल्पनेपलीकडे गेले होते. एका वाडीतल्या आजींना मी विचारलं, "ओंदु म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "मंतर हाय. त्याच्याबिगर गुण येत न्हाई."

तोंडी परीक्षा लातूरला झाली. ही परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसू शकतं. सहसा कोणी येत नाही, कॉलेजातली माणसं आणि घरचे दोघं-चौघं. महानंदाच्या परीक्षेला शिवराजचा पिकअप भरून आला. गोदूमावशी आणि त्यांच्या विहीणबाई पहिल्या रांगेत, नव्या इरकली लुगड्यांत, एकमेकींकडे न बघता शेजारी शेजारी बसल्या. बाहेरचे परीक्षक कर्नाटकातून आले होते. मितभाषी गृहस्थ, मराठी समजायचं, बोलायला जरा अडखळायचे.

महानंदानं सगळं मांडलं. आधी फसलेला प्रयोग, आकड्यांसकट, काही न झाकता. मग नकाशा. परीक्षकांनी बारकाईनं प्रश्न विचारले. ती काही ठिकाणी अडली, तिथे सरळ "हे मला माहीत नाही" म्हणाली. शेवटी त्यांनी विचारलं, "हा अभ्यास पुन्हा करायचा झाला तर काय बदलाल?"

"एकच, सर. 'कोणाला सांगू नका' असं म्हणणार नाही. 'फक्त विहिणीला सांगा' म्हणेन."

सगळं सभागृह हसलं. कडक सरही हसले, तोंडावर रुमाल धरून.

परीक्षकांनी रीतीप्रमाणे विचारलं, "उपस्थितांपैकी कोणाला प्रश्न?"

विहीणबाई उभ्या राहिल्या. "माझा हाय. त्या चित्रात सगळ्यात वरचं गोल कोणाचं?"

महानंदानं नकाशाकडे बघितलं. "ते एका सहभागी महिलेचं आहे. नाव सांगता येत नाही, मावशी. तसा नियम आहे."

"नाव सांगू नको. ती अ मधली का ब मधली, एवढंच सांग."

"अ मधली."

विहीणबाईंनी गोदूमावशींकडे एकदा नीट बघितलं आणि बसल्या. गोदूमावशी पुटपुटल्या, पण माझ्या कानावर आलं, "एक गोल, अन् किती तो ताठा. माझे बाण मोज की."

परीक्षकांनी आत जाऊन अहवाल लिहिला, बाहेर येऊन वाचायला सुरुवात केली. पदवीची शिफारस करतो, हे वाक्य पुरं व्हायच्या आधीच बायांनी टाळ्या सुरू केल्या. शिवराज मागे भिंतीला टेकून उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता, दोन्ही तळव्यांनी तोंड पुसत होता.

व्हरांड्यात बायांनी आणलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी निघाली. परीक्षक गोदूमावशींशी कानडीत बोलायला लागले आणि एकदम खुलले. तोवर चार वाक्यं बोलणारा माणूस हातवारे करून बोलत होता. कुठलं गाव, कोणाचं घर, असं करत करत त्यांची सख्खी आत्या मावशींच्या माहेरच्या शेजारच्या गावात दिलेली निघाली. मावशींनी लगेच त्यांच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. ते माझ्याकडे वळून अडखळत्या मराठीत म्हणाले, "मॅडम, आता मीसुद्धा तुमच्या नकाशात आलो. माझा अहवाल चालेल ना?"

दुपार कलल्यावर सगळे पांगले. शिपाई खुर्च्या लावत होता. महानंदा मात्र सभागृहातच होती, पहिल्या रांगेतल्या एका खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून. मी शेजारी जाऊन बसले.

"मॅडम," ती म्हणाली, "आता उद्या सकाळी उठून काय करायचं?"

मला तिचं बरोबर कळलं. इतकी वर्षं उराशी धरलेलं काम एकदम हातातून सुटतं, तेव्हा हात रिकामे वाटतात.

"उद्या काय तास आहे तुझा?"

"पहिल्या वर्षाला. बीपी कसं घ्यायचं ते."

"मग?"

ती हसली. तेवढ्यात बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला आणि दोन विहिणींचा पुढच्या सीटवरून चाललेला वाद आत ऐकू यायला लागला. महानंदा उठली, तिनं वाकून मला नमस्कार केला, साडी खोचली आणि दाराकडे जाता जाता आवाज दिला, "अहो, दोघींनाही पुढं बसू द्या. मी मागं बसते. आधी मावश्यांना गावी सोडायचं, मग घरी."